यापेक्षा हलका

“हा किती वजनाचा आहे?” केतकीनं विचारलं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी लॅपटॉप उलटा करून पाठीवरची पट्टी वाचली. “दोन किलो सातशे. चार्जर वेगळा.”

“यापेक्षा हलका?”

निनादराव हसले. “बघा मॅडम. प्रोसेसर मी विचारतोय, ग्राफिक्स मी विचारतोय आणि आमच्या इंजिनिअर बाईसाहेब वजन विचारतायत. मंडईत आल्यासारखं.”

आम्ही सगळेच हसलो. केतकीही हसली.

त्या वर्षी आषाढ अधिक आला होता. केतकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, त्यामुळे जावयाला वाण द्यायचं ते साग्रसंगीत द्यायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. चांदीचं ताट बघूनही आले होते. पण निनादरावांचा पुण्याहून फोन आला. “आई, ताट नको. कपाटात पडून राहतं. द्यायचंच असेल तर गेमिंगचा लॅपटॉप द्या. जुना गेलाय माझा. निवडतो मी, तुम्ही फक्त द्या.” यात मला वावगं काही वाटलं नाही. माझी एक ठेव मुदत भरून आलीच होती. एवढंच म्हटलं, की वस्तू सांगलीत घेऊ, म्हणजे माझ्या हातानं देता येईल.

दोघं शनिवारी आली. रविवारी सकाळी आम्ही विश्रामबागेत पद्मजा चौगुले यांच्या दुकानात गेलो. मी, हे, केतकी आणि निनादराव. चौगुलेबाई चाळिशीच्या, आटोपशीर. नवरा वारल्यावर दुकान त्याच चालवत. आमच्या घरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं त्यांच्याकडचंच. रविवार असून आमच्यासाठी त्यांनी दुकान उघडलं होतं.

काउंटरसमोर उंच स्टुलं होती. हे एका स्टुलावर बसले, तर केतकी उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. आल्यापासून तिचं हे चाललेलं. कुणाच्याही डाव्या हाताला बसायची, म्हणजे तिचा उजवा कान बोलणाऱ्याकडे. सकाळी हे मागून दोनदा हाक मारून गेले, तिला पत्ता नाही. “सर्दीनं कान बसलाय,” म्हणाली. पावसाळी हवा, मलाही खरं वाटलं.

“जुन्याला काय झालं होतं?” चौगुलेबाईंनी विचारलं. “तापून बंद पडायचा का? त्यावर ठरतं, आता काय घ्यायचं ते.”

“तापला नाही. बिजागरी तुटली आणि स्क्रीनला कोपऱ्यातून चीर गेली,” निनादराव म्हणाले. “हिच्यामुळे तुटला.”

“माझ्यामुळे,” केतकी म्हणाली.

“धडपडी आहे लहानपणापासून,” हे म्हणाले. “आमच्या घरी कपाचे कान शिल्लक नव्हते.”

चौगुलेबाईंनी तीन लॅपटॉप काउंटरवर ओळीनं मांडले आणि एकेकाची ओळख करून द्यायला लागल्या. बाई सांगायच्या छान. प्रोसेसर म्हणजे डोकं. रॅम म्हणजे ओटा, जेवढा मोठा तेवढा पसारा एका वेळी मांडता येतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं काढणारा हात. गेममध्ये सगळा भार त्या हातावर. माणूस वळला, धूर निघाला, भिंत पडली, सगळं त्यानं दर क्षणाला नव्यानं काढायचं. हात हळू असला की चित्र अडखळतं.

“आणि चित्र अडखळलं की माणूस मरतो,” निनादराव म्हणाले.

“कोण मरतो?” ह्यांनी विचारलं.

“मी, बाबा. गेममध्ये. आमची टीम आहे, आठ जणांची. समोरचा दिसायच्या आत त्यानं गोळी घातलेली असते. मग बाकीचे शिव्या घालतात.”

“म्हणजे आमच्या ब्रिजसारखंच. पान चुकलं की जोशी दोन दिवस बोलत नाही.”

निनादराव मोकळेपणानं हसले. हसरा माणूस. लग्नात सगळ्यांना आवडले होते ते त्या हसण्यामुळेच.

केतकीनं शेवटचा लॅपटॉप जवळ ओढला. पातळ होता, वहीसारखा. “हा बघ ना. दीड किलो आहे.”

“यात गेम चालेल?” निनादराव चौगुलेबाईंना म्हणाले.

“चालेल, पण मनासारखा नाही. पातळ मशीनमध्ये पंख्याला जागा नसते. पाऊण तास खेळलात की तापतं, आणि तापलं की स्वतःच स्वतःला आवरतं. वेग कमी करतं.”

“मला आवरणारं मशीन नकोय,” निनादराव म्हणाले. “ऐकलंस? इंजिनिअर ना तू? एवढं माहीत नाही?”

“माहीत आहे,” केतकी म्हणाली. “पण खाली थंड हवेचा स्टँड घेता येईल. मी घेऊन देईन. तू उचलतोस ना सारखा, इकडून तिकडे. हलका बरा पडेल.”

मला कौतुक वाटलं. नवऱ्याच्या खांद्याची काळजी करते पोर. पण वाण म्हणून देताना हातात वहीसारखं काही द्यायचं मला जड जात होतं. मी आपली तांब्या-पितळेची भांडी तोलून घेणारी बाई. बोहारणीलासुद्धा मी पातेलं हातावर उडवून परत दिलेलं आहे. मी मधला लॅपटॉप, तो दोन किलो सातशेवाला, दोन्ही हातांनी उचलून बघितला.

“हा चांगला,” मी म्हटलं. “हाताला भरतो. वस्तू अशी असावी.”

“आई बरोबर बोलतायत,” निनादराव म्हणाले.

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. आज इतक्या वर्षांनंतर तिचे पुष्कळ चेहरे मला आठवत नाहीत. शाळेतला नाही, लग्नातलाही फोटोवरूनच आठवतो. तो मात्र जसाच्या तसा आठवतो. रागावलेला नव्हता. परगावच्या स्टँडवर आपली गाडी निघून जाताना बघावी तसा होता.

“यातच खरा दम आहे,” चौगुलेबाई म्हणाल्या. “दोन पंखे, आणि हवा यायला खाली मोठी जाळी.”

“जाळी आहे?” हे खुशीत आले. “मग झालंच की. अधिकात जावयाला जाळीदारच द्यायचं असतं. अनारसे झाले, हेही चालेल.”

“दाखवतो, बाबा.” निनादरावांनी माझ्या हातून लॅपटॉप घेतला, एका हातानं कोपऱ्याला धरला आणि ह्यांना खालची बाजू दिसावी म्हणून खांद्याच्या वर उंच केला. “बघा. अगदी अनारसा.”

हे मान वर करून जाळी बघत होते. मी केतकीकडे बघत होते. तिचा डावा हात कोपरातून वर गेला आणि कोपर कानावर आलं. मान खांद्यात, डोळे मिटलेले. तोंडातून आवाज नाही. दचकलेलं माणूस इतकं नेमकं वागत नाही. रोजच्या सवयीनं दाराची कडी काढावी तसं ते झालं. मग तिनं डोळे उघडले, लॅपटॉप अजून वरच आहे हे पाहिलं आणि तोच हात केसांकडे नेला.

“काय झालं?” निनादराव म्हणाले.

“क्लिप सुटली.”

चौगुलेबाईंच्या हातातलं पेन थांबलं होतं. आमची नजरानजर झाली. त्यांनी ती लगेच काढून घेतली आणि काउंटरवरची धूळ पुसायला लागल्या. धूळ नव्हतीच.

हलका का, ते मला कळलं. जुना कसा तुटला ते कळलं. कान कसा बसला तेही. समोर निनादराव लॅपटॉप परत काउंटरवर ठेवत होते, अगदी अलगद, काचेचं भांडं ठेवावं तसा.

“मग हाच,” ते म्हणाले. “बांधून द्या. संध्याकाळी निघायचंय आम्हाला.”

आम्हाला. हे खिशातून चष्मा काढत होते, चेकवर सही करायला. त्यांना काही सांगण्याजोगी वेळ नव्हती, आणि सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे मोठ्यानं “काय?” असं विचारलं असतं. केतकी नखानं काउंटरची कड खरवडत होती. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि संध्याकाळी गाडीत बसली असती. मग पुण्यापर्यंतचे पाच तास आणि नंतर बंद दार.

“थांबा जरा,” मी म्हटलं. “निनादराव, एकदाच द्यायची वस्तू आहे. यात काही कमी तर नाही ना?”

“कमी असं नाही, आई.”

“चौगुलेबाई, याहून वरचं असतं का काही?”

त्यांना अजून माझा रोख कळला नव्हता. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “यात रॅम आठ जीबी आहे. सोळा केली तर उत्तम. अर्ध्या तासात करून देते इथेच.”

“वा,” निनादराव म्हणाले. “मग बसतो आम्ही.”

“आणखी?” मी म्हटलं. “त्या चित्र काढणाऱ्या हाताचं काय?”

“ग्राफिक्स यात दोन जीबीचं आहे. चारवालं मॉडेल येतं, पण माझ्याकडे आज नाही.”

“ते नंतर बदलून घेता येतं? रॅमसारखं?”

“नाही काकू. रॅम बदलता येते, डिस्क बदलता येते. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड बोर्डावरच बसवलेलं असतं. एकदा घेतलं की तेच. नंतर पस्तावून उपयोग नसतो.”

“मग चारचंच घेऊ,” मी म्हटलं. “मागवा तुम्ही.”

हे चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. ज्या बाईला टीव्हीचा रिमोट धड कळत नाही, ती चार जीबीचा हट्ट धरून बसली होती.

“एवढं चारचं असेल तर मी पुण्यातच घेतो,” निनादराव म्हणाले. “उद्या मिळेल. पैसे तुम्ही द्या, म्हणजे वाण तुमचंच झालं.”

मी चौगुलेबाईंकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं.

“पुण्यात नाहीये,” त्या म्हणाल्या. “कालच एका गिऱ्हाइकासाठी सगळीकडे फोन केले मी. मुंबईला ऑर्डर टाकावी लागते. आठवडा-दहा दिवस जातील. पण खरं सांगू का, तुम्ही टीममध्ये खेळणारे. दोनचं घ्याल आणि सहा महिन्यांत नवा गेम आला की हळहळाल.”

“किती फरक पडतो?”

“चित्रं दीडपट भरभर येतील. धुरात, अंधारात जास्त कळेल.”

काउंटरवरच्या लॅपटॉपवर डावा हात ठेवून निनादरावांनी तीन-चार कळा नुसत्याच दाबून पाहिल्या, पेटीवर बोटं फिरवावीत तशा.

“मग मी पुढच्या रविवारी येतो न्यायला,” ते म्हणाले. “केतकी, आपण दोघंच येऊ पुन्हा.”

“परत परत कशाला एवढा प्रवास?” मी म्हटलं. “केतकी राहील इथेच. मशीन आलं की घेऊन येईल. माहेरपण तरी कुठे झालंय तिचं. अधिक महिना आहे.”

निनादरावांनी केतकीकडे पाहिलं. मग समोरच्या लॅपटॉपकडे. तो आत्ता मिळत होता, पण दोन जीबीचा. चारचा हवा तर बायको दहा दिवस इथे राहणार. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. केतकीनं मान वर केली नव्हती. ती मनात काय मागत होती ते मला कळत नव्हतं. राहायचं की जायचं, यातलं तिला जास्त भय कशाचं वाटत होतं, तेही नाही.

“धुरातही कळेल म्हणता?” निनादरावांनी विचारलं.

“स्पष्ट,” चौगुलेबाई म्हणाल्या.

“ठीक आहे.” मग ते केतकीकडे वळले. “फोन उचलायचा. पहिल्या रिंगला.”

तिनं मान हलवली.

संध्याकाळी निनादराव अनारशांचा डबा घेऊन एकटेच गेले. गाडी वळेपर्यंत केतकी फाटकात उभी होती. आत आली ती सरळ अंथरुणावर पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. इतकं झोपलेलं माणूस मी आजारपणाशिवाय पाहिलेलं नाही. फोन मात्र मुठीत होता. वाजला की पहिल्या रिंगला डोळे न उघडता “हो” म्हणायची.

ह्यांना मी सगळं सांगितलं. “भास आहे तुझा,” हे म्हणाले. “एवढा हसरा मुलगा.”

मी वाद घातला नाही. कान दुखतोय म्हणून केतकीला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आणि ह्यांनाच बरोबर धाडलं. डॉक्टरांनी कानात बघितलं, पडद्याला भोक आहे म्हणाले. मग विचारलं, “कुणी मारलं होतं का?” केतकी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. हे घरी आले, चप्पल न काढता सोप्यात बसले. त्या दिवसापासून ह्यांनी ‘हसरा’ हा शब्द कधी काढला नाही.

केतकी माझ्याशी बोलली ती भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. “वाईट नाहीये ग तो. त्याला हरलेलं सहन होत नाही, एवढंच. चित्र अडकतं, मग तो हरतो, मग ते सगळे त्याला नाही नाही ते बोलतात. तेव्हा मी समोर जायला नको. मी जाते, हीच चूक होते.”

“घर दोन खोल्यांचं,” मी म्हटलं. “समोर न जाता कुठे जाणार?”

ती गवारीच्या शिरा काढत राहिली.

दर दिवशी निनादरावांचा फोन यायचा. आधी मशीनची चौकशी, मग तिची. मशीन आल्याचा चौगुलेबाईंचा फोन मात्र मला आला. “आलाय काकू. तुमच्या जावयांनी मला दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. किती दिवस नाही म्हणू?”

खोकं घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. केतकी त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग आत गेली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ती बॅग भरत होती.

“आलाय ना,” ती म्हणाली. “आता नाही अडकणार चित्र. चार जीबी आहे. जाते मी, आई. उशीर केला तर त्याचा त्याला अजून राग येईल.”

“आणि हरला तर?”

“आता कशाला हरेल?”

“समोरचेही चार जीबीवालेच असतील की, केतू.”

तिनं घडी केलेली ओढणी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. “मग काय करू? माझं सगळं तिथे आहे. कपडे, कागद, सगळं. नोकरी बघायची म्हटली तरी सर्टिफिकेटं तिथे.”

“मी आणते.”

“तू?”

“वाण द्यायला सासू जाते, जावयाला काय वाटायचंय त्यात?”

ती बॅगेवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, “बेडरूमच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. निळी फाइल आहे. आणि आजीच्या पाटल्या उशांच्या खोळीत आहेत.”

ती जाणार नाही हे मला तेव्हा समजलं.

पुण्याला आम्ही दोघंच गेलो. दुपारची वेळ. इमारतीच्या खाली गाडी लावल्यावर मी ह्यांना म्हटलं, “तुम्ही वर येऊ नका. तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय.” हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

मी खोकं पोटाशी धरून, खांद्याला पिशवी अडकवून लिफ्टनं वर गेले. निनादरावांनी दार उघडलं आणि आधी खोक्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे.

“केतकी?”

“तिचा कान दुखतोय. डॉक्टरांनी गाडीतला वारा नको म्हटलंय.”

“डॉक्टर?” त्यांनी दार धरलेलं होतं. “काय म्हणाले डॉक्टर?”

“सर्दी म्हणाले.”

दार पूर्ण उघडलं. “या ना, आई. द्या ते इकडे, जड आहे.”

मी सगळं रीतीनं केलं. त्यांना पाटावर बसवलं. पिशवीतून निरांजन काढलं, अनारसे मांडले, कुंकू लावलं, ओवाळलं. खोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मी डोक्यावर हात ठेवला. केस मऊ होते, लहान मुलासारखे.

“उद्या पाठवा मात्र तिला,” खोक्याची पट्टी नखानं सोडवत ते म्हणाले. “मला एकटं राहायला जमत नाही, आई. चिडचिड होते. आणि मग ती येईल तेव्हा पहिले दोन दिवस तिलाच त्रास.”

“पाठवते.”

“तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय,” मी म्हटलं. “गाडीनं पाठ धरलीय. मी जरा आत पडते. तुम्ही बघा तुमचं.”

बेडरूमचं दार मी लोटून घेतलं. बाहेर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. गेम त्यांच्याकडे वेगळ्या डिस्कवर होता, त्यामुळे फार वेळ लागला नाही. ते हिंदीत कुणाशीतरी बोलायला लागले. “आलो रे. नवीन मशीन. आज बघाच.” मग गोळ्यांचे आवाज.

मी कपाट उघडलं. निळी फाइल होती. पाटल्या होत्या. पलंगाखालून बॅग ओढली आणि हाताला येईल ते भरत गेले. ड्रेस, साड्या, तिचा चष्मा. बाहेर गोळ्या सुटत होत्या तोवर मला धीर होता. आवाज मंदावला की मी थांबायची.

पलंगाच्या कडेला भिंतीवर कॅलेंडर होतं, फार खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. असं कॅलेंडर कुणी लावत नाही. मी ते उचलून पाहिलं. मागे गिलाव्यात खोक पडली होती. तीन कोनांची, नीट, कसल्याशा कोपऱ्यानं पडलेली. मी कॅलेंडर पुन्हा तसंच सोडलं.

तेवढ्यात बाहेर सगळं शांत झालं.

खुर्ची सरकली. पावलं आली. बॅग पलंगावर उघडी, वर तिच्या लग्नातला शालू, त्याच्याखालून फाइलचा निळा कोपरा बाहेर. झाकायला हात पुढे केला असता तर तेच दिसलं असतं. मी हलले नाही.

दार ढकलून निनादराव उभे राहिले. हेडफोन गळ्यात. डाव्या हातात लॅपटॉप, उघडाच, कोपऱ्याला धरलेला. चेहरा लाल झाला होता. त्यांनी बॅगेकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. लॅपटॉपची वायर त्यांच्या मागे जमिनीवरून फरफटत आली होती. हातातला लॅपटॉप हळूहळू वर येत होता, आणि माझं कोपर माझ्याही नकळत उचललं जाऊ लागलं होतं.

“आई,” ते म्हणाले आणि पडदा माझ्या डोळ्यांसमोर धरला. “याच्याबरोबर माऊस फुकट आहे. हे बघा, जाहिरातीतच लिहिलंय. तुम्हाला दिला नाही त्यांनी?”

“राहिला असेल,” मी म्हटलं.

“असं कसं राहील? जुन्याचं बटण अडकतंय. आत्ता त्याच्यापायी हरलो मी.” हेडफोनमधून कुणीतरी बारीक आवाजात ओरडत होतं. “विचारा त्या बाईंना. केतकीबरोबर पाठवा, उद्या.”

“विचारते.”

ते गेले. खुर्ची सरकली. मी बॅगेची चेन ओढली, ती शालूत अडकली, काढली, पुन्हा ओढली. बाहेरच्या खोलीतून जाताना त्यांच्या पाठीमागून जावं लागलं. निरांजन अजून जळत होतं. पडद्यावर धूर होता आणि धुरात माणसं अगदी स्पष्ट दिसत होती.

“येते हो,” मी म्हटलं.

त्यांनी मान न वळवता उजवा हात जरासा वर केला.

लिफ्टची वाट बघायला मी थांबले नाही. बॅग छातीशी धरून जिने उतरले. खाली ह्यांनी गाडी चालू ठेवली होती. मी बसले, दार लावलं, आतून कडी दाबली.

“काय म्हणाले?” ह्यांनी विचारलं.

“माऊस मागितला,” मी म्हटलं.